लष्कर न वापरता एखादा देश दुसऱ्या देशावर प्रभाव कसा पाडतो?

मी वाशीत राहतो, म्हणून हापूसचंच उदाहरण देतो. अमेरिकेने २००७ मध्ये आपल्या आंब्याला दार उघडलं, त्याच सुमारास आपण त्यांच्या हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकलींना. अट अशी, की आंब्यावरची विकिरण प्रक्रिया, म्हणजे किडीचा धोका घालवण्यासाठी फळावर किरणांचा मारा, अमेरिकी निरीक्षकाच्या देखरेखीखाली व्हायची. असं एक केंद्र इथे वाशीतच आहे. २०२० मध्ये कोविडमुळे निरीक्षक येऊ शकले नाहीत, आणि अमेरिकेला जाणारा आंबा थेट २०२२ पर्यंत अडकला. आंबा तोच, बागायतदार तोच. पण बाजारपेठ ज्याची मोठी, नियमही त्याचाच. आर्थिक ताकद म्हणतात ती हीच.

संस्कृतीचं काम याहून सावकाश चालतं. २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांत योग दिनाच्या ठरावाला १७७ देश सहप्रस्तावक होते. त्याने सीमावाद सुटत नाहीत, पण आपलं म्हणणं ऐकून घेतलं जातं.

विचारांना मात्र लोक फार कमी लेखतात, हे मला मनापासून खटकतं. १९४६ मध्ये, स्वातंत्र्यही मिळालेलं नसताना, भारताने वर्णभेदामुळे दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला. नुकसान आपलंही होतं. पुढे कित्येक देश त्याच वाटेने गेले, तेव्हा कुठे १९९४ मध्ये तिथे सर्वांना मतदानाचा हक्क मिळाला.