बैठकीतले मौन म्हणजे संमती नव्हे

प्रश्न : माझ्या टीममधील सहकारी लंडन, सॅन फ्रान्सिस्को आणि सिंगापूर येथून काम करतात. दर आठवड्याला लंडनच्या वेळेनुसार दुपारी चार वाजता आमची ऑनलाइन बैठक असते. तीत सिंगापूरचे दोघे जण ‘ठीक आहे’ यापलीकडे फारसे बोलत नाहीत आणि निर्णय झाल्यावर दोन दिवसांनी ईमेलने हरकती कळवतात. हा त्यांच्या संस्कृतीचा भाग समजून सोडून द्यावे, की त्यांना स्पष्ट बोलण्याची सवय लावावी?

उत्तर : संस्कृतीकडे वळण्याआधी घड्याळाकडे पाहावे. हिवाळ्यात लंडनला दुपारचे चार वाजतात तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोत सकाळचे आठ वाजलेले असतात आणि सिंगापुरात मध्यरात्रीचे बारा; उन्हाळ्यात तिथे अकरा वाजतात, एवढाच काय तो दिलासा. दिवसभराचे काम उरकून त्या वेळी बसलेल्या माणसाने हिरिरीने वाद घालावा, ही अपेक्षाच मुळात अवाजवी आहे. तिघांनाही सोयीची अशी वेळ सापडणार नाही, म्हणून गैरसोय आळीपाळीने वाटून घ्यावी आणि त्यात आपली स्वतःचीही पाळी ठेवावी.

राष्ट्रीय स्वभावाविषयीचे ठोकताळेही जपून वापरावेत. डच समाजमानसशास्त्रज्ञ गीर्ट हॉफस्टेडे यांनी आयबीएम या संगणक कंपनीच्या विविध देशांतील कर्मचाऱ्यांच्या सर्वेक्षणांवरून, वरिष्ठांशी राखल्या जाणाऱ्या अंतराची देशवार तुलना केली. ती उपयुक्त आहे, परंतु ते देशाचे सरासरी चित्र आहे. त्यावरून समोरची एक व्यक्ती का गप्प आहे, हे कळत नाही. ते तिलाच, एकांतात विचारावे लागते. कदाचित उत्तर असे येईल की चर्चेचा मसुदा आदल्या रात्री मिळतो आणि बैठकीत आपले मत प्रमुख म्हणून आपणच सर्वांत आधी मांडता. प्रमुखाने कौल दिल्यावर विरोधात बोलणे कोणत्याही देशात अवघडच असते.

हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या एमी एडमंडसन यांना रुग्णालयांतील औषधोपचाराच्या चुकांचा अभ्यास करताना असे आढळले की, चांगले नेतृत्व असलेल्या विभागांत चुकांची नोंद अधिक होती. तिथे चुका जास्त होत होत्या असे नव्हे, तर त्या सांगायला लोक कचरत नव्हते, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. त्या दृष्टीने पाहता, उशिरा का होईना, आपल्याला ईमेल येतो ही जमेची बाजू आहे. तो यायचा थांबला, तर मात्र खरी काळजी करावी.

म्हणून त्या दोघांना बदलण्याऐवजी निर्णयाची पद्धत बदलावी. मसुदा दोन कामाचे दिवस आधी पाठवावा, प्रत्येकाकडून लेखी अभिप्राय घ्यावा, बैठकीची सुरुवात त्या अभिप्रायांपासून करावी आणि आपण सर्वांत शेवटी बोलावे. बैठकीनंतरही निर्णय ठरावीक मुदतीपर्यंत खुला ठेवावा, म्हणजे ईमेलवरील हरकत कुरकुर न ठरता कामकाजाचाच भाग होईल. मुदत संपल्यावर मात्र तो विषय पुन्हा उकरू देऊ नये. एखाद्या लेखी हरकतीमुळे निर्णय बदलला, तर ती कोणी घेतली होती, हे इतिवृत्तात नावानिशी नोंदवावे, कारण वार्षिक मूल्यमापनाच्या वेळी बैठकीत मोठ्याने बोललेलेच तेवढे आठवते आणि बढतीच्या शिफारशी त्या आठवणीवर ठरतात.