विंडोज १० चा सपोर्ट संपलाय, जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ टाकावं का?

तुम्ही लिहिलंय की लॅपटॉप २०१७ चा आहे, आय-फाइव्ह सातवी जनरेशन, विंडोज १० व्यवस्थित चालतंय, पण सपोर्ट संपल्याचा मेसेज सारखा येतो आणि विंडोज ११ या मशीनला चालणार नाही असंही तेच सांगतं, मग यूट्यूबवर दाखवतात तो तपासणी चुकवायचा जुगाड करून टाकू का. नका टाकू. बाकीच्यांनी "बिनधास्त टाका, काही होत नाही" असं लिहिलंय, पण तुम्ही त्या लॅपटॉपवर काम काय करता हे एकानेही विचारलं नाही. माझं डोकं तिथेच फिरलं, म्हणून लिहायला बसले.

मी कराडला डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायचं काम करते, वीसेक वर्षं झाली. पत्रिका, हँडबिलं, पुस्तकं सगळं असतं, पण घर चालतं ते पतसंस्था आणि सोसायट्यांच्या वार्षिक अहवालांवर. सहकारी संस्थेला वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि सभासदांना नोटीस पूर्ण १४ दिवस आधी जावी लागते, म्हणजे ऑडिट संपून मॅटर माझ्याकडे येतं ऑगस्टमध्ये आणि छापून, बाइंडिंग होऊन अहवाल सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात संस्थेत पोचलेला पाहिजे. त्यातच गणपती. त्या दिवसांत माझ्या कॉम्प्युटरला मी कोणाला हातसुद्धा लावू देत नाही.

२०२२ ला गणपती ३१ ऑगस्टला होते. माझे धाकटे दीर पुण्यात आयटीत आहेत, ते चार दिवस आधीच आले. माणूस प्रेमळ, घरातलं काहीही बिघडलं की मदतीला पहिले धावतात, पण नवीन ते चांगलं यावर त्यांची फार श्रद्धा. माझ्या टेबलाशी बसले, प्रॉपर्टीज उघडून बघितल्या आणि म्हणाले, "वहिनी, मशीन आठव्या जनरेशनचं घेतलंय, ८ जीबी रॅम टाकलीय, आणि तुमचं विंडोज ३२ बिट! साडेतीन जीबीच वापरतंय, बाकीची रॅम नुसती पडून आहे." मी म्हटलं, "भाऊजी, मला माहितीये. मी मुद्दाम ३२ बिट टाकून घेतलंय." ते हसले. त्यांना वाटलं दुकानदाराने गुंडाळलं आणि वहिनी सावरून घेतायत.

मुद्दाम का, ते सांगते. ३२ बिट ही विंडोजची जुनी जात, आताची ६४ बिट. माझं जुनं सगळं काम पेजमेकर ७ मध्ये आहे, पानं त्यात लावायची. ते २००१ चं सॉफ्टवेअर, त्यानंतर पुढचं व्हर्जन आलंच नाही आणि त्याला युनिकोड, म्हणजे मोबाईलवर लिहितो ते आजच्या पद्धतीचं मराठी, कळत नाही. त्यामुळे आम्ही लोक जुने मराठी फॉन्ट वापरायचो, ज्यात इंग्रजी अक्षरांच्याच जागांवर मराठी अक्षरं बसवलेली असतात आणि कीबोर्ड चालवायला फॉन्टवाल्यांचं वेगळं सॉफ्टवेअर लागतं. त्या सॉफ्टवेअरला यूएसबीचं लॉक असतं, तुम्ही त्याला डोंगल म्हणाल. माझ्या लॉकचा ड्रायव्हर फक्त ३२ बिटचा आहे, ६४ बिट विंडोज तो घेतच नाही. आणि विंडोज ११ ३२ बिटमध्ये निघतच नाही. आता यात माझं अडाणीपण कुठे आलं? पतसंस्थेचा अहवाल दरवर्षी कोऱ्या पानावर कोणी लावत नाही हो. मागच्या वर्षीची फाइल उघडायची, ताळेबंदातले आकडे बदलायचे, अध्यक्षांचं मनोगत नवं घालायचं. ती मागच्या वर्षीची फाइल उघडलीच नाही तर काय करायचं?

भाऊजींचं म्हणणं होतं की विंडोज ११ फुकट मिळतंय, मशीन बसतंय, दोन तासांचं काम, संध्याकाळपर्यंत वहिनींचं कॉम्प्युटर विमानासारखं पळेल. घरात सगळे त्यांच्या बाजूने. आमच्या ह्यांनीपण "एवढा म्हणतोय तर करू दे की" म्हटलं. मग मी दोन अटी घातल्या. एक, जुन्या हार्डडिस्कला हात लावायचा नाही, ती काढून माझ्याकडे द्यायची आणि नवी एसएसडी घालून तिच्यावर काय ते करायचं. दोन, बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, जे बदलाल त्याचे आधी मी मोबाईलवर फोटो काढणार. यावर ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही उगाच घाबरता." हे वाक्य माझ्या अजून डोक्यात आहे.

झालं. टीपीएम (११ ला लागणारी सिक्युरिटीची चिप) चालू केलं, सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट व्हायची सोय, माझं जुनं विंडोज तिच्यावरच चालू व्हायचं) बंद केलं, विंडोज ११ बसलं, दिसायला देखणं आणि चालूही झटकन होतं, हे मी कबूल करते. पेजमेकरसुद्धा थोडी खटपट करून चाललं. फाइल उघडली, फॉन्ट दिसले, सगळे खूश. आता सचिवांनी दिलेली एक दुरुस्ती करायला मी कर्सर ठेवून टाइप करायला लागले तर 'ठेवी'च्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं, कारण लॉक ओळखलंच नाही आणि कीबोर्ड चालूच झाला नाही. भाऊजी रात्री उशिरापर्यंत ड्रायव्हर शोधत बसले. फॉन्टवाल्यांना फोन लावला तर नवीन व्हर्जन विकत घ्या म्हणाले, तेही घेतलं भाऊजींनी स्वतःच्या पैशाने, मी नको म्हणत असताना. त्याने टाइप व्हायला लागलं, पण नव्या फॉन्टची अक्षरं जुन्यापेक्षा केसभर रुंद. केसभरच, पण अहवाल ६४ पानांचा, म्हणजे १६ पानी चार फॉर्मे (एकाच मोठ्या कागदावर छापून दुमडतात तो पानांचा गठ्ठा) बरोबर. प्रत्येक परिच्छेदात एखादी ओळ वाढत वाढत शेवटची नोटीस ६५ व्या पानावर गेली. एका पानासाठी छापखान्यात पाचवा फॉर्मा लावा म्हणून सांगता येतं का? शिवाय ताळेबंदाच्या टॅबच्या ओळी सरकून येणे कर्जाचा आकडा गुंतवणुकीच्या रांगेत जाऊन बसला. तो तसाच छापून गेला असता तर सभेत माझं नाव निघालं असतं.

मग मी उठले, सीपीयू उघडला, जुनी हार्डडिस्क कपाटातून काढून लावली. चालू केलं तर बूट डिव्हाइस सापडत नाही. भाऊजींचा चेहरा पडला, त्यांना वाटलं डिस्क गेली. मी मोबाईलमधले फोटो काढले, सीएसएम परत चालू केलं, आणि माझं ३२ बिट विंडोज जसंच्या तसं उभं राहिलं. गौरी आल्या त्या दिवशी बटर प्रिंट (छपाईसाठी बटर पेपरवर काढलेली पानं) छापखान्यात पोचले. अहवाल वेळेत गेला.

भाऊजी अजूनही म्हणतात की दोष विंडोजचा नव्हता, लॉकचा होता. बरोबर आहे, विंडोजचा नव्हताच. पण ज्या संस्थेचा अहवाल अडकलाय तिच्या चेअरमनला मी दोष कोणाचा ते समजावत बसू का? कॉम्प्युटर म्हणजे नुसतं विंडोज नाही. त्यावरची सॉफ्टवेअरं, ती लॉकं, तो प्रिंटर, बसलेला हात, हे सगळं मिळून आपलं काम होतं आणि त्यातलं सगळ्यात जुनं जे आहे त्याला विचारून अपग्रेडचा निर्णय घ्यायचा. आयटीतल्या लोकांना हे कळत नाही असं नाही, त्यांच्या कंपनीत ते स्वतः आधी टेस्टिंग केल्याशिवाय एक बटण बदलत नाहीत, मग घरच्या बाईच्या धंद्याच्या मशीनवर मात्र गणपतीच्या आदल्या आठवड्यात प्रयोग का?

आणि मी जुन्यालाच चिकटून बसले असंही समजू नका, हा आरोप मी फार ऐकलाय. पुढच्या पौषात, म्हणजे लग्नं नसतात तेव्हा, मी स्वतः त्या एसएसडीवरच्या विंडोज ११ वर गेले. नवीन सगळी कामं आता इनडिझाइन या पानं लावायच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये, युनिकोडमध्ये करते. विंडोजचा आयता मराठी कीबोर्ड इन्स्क्रिप्ट नावाच्या रचनेचा, माझा हात टाइपरायटरचा, त्यामुळे टाइपरायटरसारखा रेमिंग्टनचा ले-आउट शोधून घातला, बोटं बदलायची वेळ येऊ दिली नाही. जुने अहवाल एकेक करून युनिकोडमध्ये आणतेय. कन्व्हर्टरने मॅटर बदलतं पण रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावीच लागतात. जुनी डिस्क लागेल तेव्हाच लावते आणि तेव्हा नेटची वायर काढलेली असते.

आता तुमचं. तुमचा सातव्या जनरेशनचा आय-फाइव्ह मायक्रोसॉफ्टच्या यादीत नाही, इंटेलमध्ये साधारण आठवीपासून पुढे. जुगाडाने ११ बसतं, चालतंही, पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही आणि दरवर्षीचं मोठं व्हर्जन आलं की परत तोच जुगाड करायला बसावं लागतं. अपडेट मिळावेत म्हणूनच तर तुम्ही ११ वर जाताय ना? त्यापेक्षा विंडोज १० लाच जादा मुदतीचे सिक्युरिटी अपडेट घ्या. सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं, पण घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची सोय आहे. विंडोज अपडेटच्या पानावरच एनरोल करायची लिंक दिसते, व्हर्जन २२एच२ असायला हवं, मायक्रोसॉफ्टचं अकाउंट लागतं, आणि सेटिंग्जचा बॅकअप क्लाउडवर ठेवायला हो म्हटलं तर पैसे पडत नाहीत. तेवढ्या वेळात मशीन बदलायचं का ते ठरवा.

एक मात्र आहे, माझं ऐकून कोणी अपडेटच बंद करून ठेवू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे फाइली लॉक करून पैसे मागणारं व्हायरस आलं तेव्हा त्यावरचं पॅच, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट, मार्चमध्येच आलेलं होतं, ज्यांनी टाकलं नव्हतं त्यांच्या फाइली लॉक झाल्या. नेटला जोडलेलं, बँकेचं काम होणारं मशीन सपोर्टशिवाय चालवणं मला अजिबात पटत नाही. आणि ज्यांचं मशीन आठव्या जनरेशनचं किंवा पुढचं आहे, काम फक्त ब्राउझर आणि एक्सेलचं आहे, त्यांनी खुशाल ११ वर जावं, १० वरूनच अपग्रेड केलं तर १० दिवसांत परतही येता येतं. फॉरमॅट मारून टाकलं तर ती सोय नाही. डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचं सगळं कुलूपबंद करणारी सोय) आपोआप चालू झालं असेल तर त्याची रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडायचा नंबर, आधी कागदावर उतरवून घ्या.

लॅपटॉपवर नेमकं काय काम करता ते लिहा. टॅली असेल तर व्हर्जन कुठलं, प्रिंटर कुठला आणि कशाला लॉक लागतं का तेही लिहा, मग पुढचं सांगते.