सीबीडी जेल २४ तास चालवायचंय? आधी ते त्वचेतून जातंय का, ते पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एम. फार्मच्या प्रोजेक्टसाठी २% सीबीडीचं (गांजाच्या झाडातलं, नशा न आणणारं कॅनाबिडिऑल) जेल, घट्ट करायला कार्बोपॉल ९४०, ३०% इथेनॉल. फ्रान्झ सेलमध्ये (वर औषधाचा डोनर, मध्ये पडदा, खाली द्रवाचा रिसेप्टर असं काचेचं उपकरण) डायलिसिस मेम्ब्रेन आणि खाली ७.४ पीएचचा फॉस्फेट बफर. २४ तासांनंतर रिसेप्टरमध्ये जवळजवळ काहीच नाही, जेलला गुलाबी झाक आलीय, आणि आता 'सस्टेन्ड रिलीज'साठी, म्हणजे औषध सावकाश सुटावं म्हणून, त्यात इथिल सेल्युलोजचे मायक्रोस्फिअर (सूक्ष्म गोळे) घालायचा विचार आहे.

मायक्रोस्फिअर तूर्त बाजूला ठेवा. तुमच्या आकड्यांवरून रिलीज मंद आहे असं म्हणताच येत नाही. सीबीडीचा लॉग पी (पाण्यापेक्षा तेलात किती रमतं त्याचं माप) सहाच्या वर आहे, साध्या बफरमध्ये ते नावापुरतंच विरघळतं. रिसेप्टर लवकरच सॅच्युरेट होतो आणि ग्राफ आडवा पडतो. त्यात सेल्युलोजचं मेम्ब्रेन, प्लास्टिकची सिरिंज, सिलिकॉनची नळी हे सगळे सीबीडी ओढून धरतात. म्हणून पहिला प्रयोग जेलशिवाय करा: रिसेप्टरमध्ये माहीत असलेल्या मात्रेत सीबीडी घाला, मेम्ब्रेनचा तुकडा टाका, काचेच्या बंद कुपीत ३२ अंशांवर २४ तास ठेवा आणि किती परत मिळतं ते मोजा. ९०% च्या खाली आलं तर त्या मांडणीवरचा कुठलाही ग्राफ प्रबंधात टाकू नका.

फक्त जेलमधून औषध सुटतंय का हे पाहायचं असेल, तर कृत्रिम मेम्ब्रेन आणि रिसेप्टरमध्ये ४०-५०% इथेनॉल चालेल. त्वचा लावली की ते इथेनॉल खालून वर शिरतं आणि अडथळाच सैल करतं, आकडे फुगतात. त्वचेसाठी बफरमध्ये ६% ओलेथ-२० (विरघळायला मदत करणारा सर्फॅक्टंट) किंवा ४-५% बोवाइन सीरम अल्ब्युमिन घ्या. अल्ब्युमिन असेल तर एचपीएलसीआधी (औषध वेगळं करून मोजायचं यंत्र) अॅसिटोनायट्राइलने प्रथिन पाडून गाळावं लागतं, नाहीतर कॉलम गेला म्हणून समजा. रिसेप्टरमधली तीव्रता विद्राव्यतेच्या १०% च्या वर जाऊ द्यायची नाही.

त्वचा डुकराच्या कानाची, पण डर्माटोमने (त्वचेचे पातळ काप घेणारं हत्यार) ४०० मायक्रॉनपर्यंत पातळ केलेली. पूर्ण जाडीची वापरली की खालचा पाणीदार डर्मिस सीबीडीला अडवून धरतो. जिवंत शरीरात तिथल्या केशवाहिन्या औषध उचलून नेतात, सेलमध्ये त्या नाहीत. आणि डोनरमध्ये ग्रॅमभर जेल भरून वर पॅराफिल्म लावू नका. इथेनॉल उडतच नाही आणि ग्राफ उगाच देखणा दिसतो. चौरस सेंटिमीटरला १० मिलिग्रॅम जेल, उघडं. शेवटी मास बॅलन्स, म्हणजे लावलेल्या औषधाचा पूर्ण हिशोब, मांडा: पृष्ठभागावर पुसून मिळालेलं, टेप स्ट्रिपमधलं (चिकटपट्टीने सोललेल्या वरच्या थरातलं), उरलेल्या त्वचेतलं आणि रिसेप्टरमधलं.

आता एक हिशोब. २% जेल, १० मिलिग्रॅम प्रति चौ. सेंमी, म्हणजे तिथे २०० मायक्रोग्रॅम सीबीडी. फ्लक्स, म्हणजे त्वचेतून औषध जाण्याचा वेग, तासाला १ मायक्रोग्रॅम प्रति चौ. सेंमी धरू. २४ तासांत गेलं २४ मायक्रोग्रॅम, म्हणजे १२%. औषध संपतच नाहीये, मग सुटण्याचा वेग आणखी कमी करून मिळवायचं काय? सीबीडीच्या बाबतीत सस्टेन्ड रिलीज त्वचाच करते. स्ट्रेटम कॉर्नियमचे (त्वचेचा सगळ्यात वरचा थर) लिपिड ते भरभरून घेतात, पण त्याखालच्या पाणीदार थरात ते सावकाश उतरतं. तिथे साठा तयार होतो आणि जेल पुसल्यावरही झिरपत राहतो. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या गटाने २००३ मध्ये ३% सीबीडी आणि ४०% इथेनॉलचे इथोसोम (इथेनॉल असलेल्या लिपिडच्या सूक्ष्म पिशव्या) उंदरांना लावले, तेव्हा पातळी स्थिर व्हायला साधारण २४ तास लागले आणि ती ७२ तासांपर्यंत टिकली. उंदराची त्वचा माणसापेक्षा बरीच जास्त पारगम्य असते, तेवढं ध्यानात ठेवून वाचा.

हाच फ्लक्स ३० चौ. सेंमीवर तासाला ३० मायक्रोग्रॅम देतो. शिरेतून दिलेल्या सीबीडीचा क्लिअरन्स (शरीर तासाला किती रक्त औषधमुक्त करतं ते) ताशी साधारण ६० ते ९० लिटर, म्हणजे रक्तात स्थिर पातळी ०.३ ते ०.५ नॅनोग्रॅम प्रति मिलि. झायनर्बा या औषध कंपनीच्या ४.२% सीबीडी जेलच्या फ्रॅजाइल एक्सवरील (एक आनुवंशिक विकार) चाचणीत मुलांना वजनानुसार रोज २५० किंवा ५०० मिलिग्रॅम सीबीडी लावत होते, ते यामुळेच. तरीही २०२० मध्ये मुख्य निकष साधला नाही. गाइडना पटवायला हा हिशोब पुरेसा आहे. प्रोजेक्टचं उद्दिष्ट 'फ्लक्स वाढवणे आणि तो २४ तास टिकवणे' असं लिहा.

फ्लक्स वाढतो तो औषध सॅच्युरेशनच्या जवळ ठेवल्याने. खोबरेल-मेणाचे बाम इथेच मार खातात: सीबीडी तेलात इतकं रमतं की बाहेर यायला तयार नसतं. सुरुवातीला १०० ग्रॅमसाठी हे करून बघा: सीबीडी २, इथेनॉल ५०, ट्रान्सक्यूटॉल (त्वचेत शिरायला मदत करणारा द्रावक) १५, प्रॉपिलीन ग्लायकोल १०, ओलेइक अॅसिड १, बीएचटी (ऑक्सिडेशन रोखणारं) ०.०५, जास्त व्हिस्कॉसिटीचं हायड्रॉक्सिप्रॉपिल सेल्युलोज १.५, बाकी पाणी. सीबीडी आणि बीएचटी द्रावकांत विरघळवा, मग ओलेइक अॅसिड, मग थेंबाथेंबाने पाणी. ४००-५०० आरपीएमवर सेल्युलोज भुरभुरवत सोडा, एकदम टाकलं तर माशाच्या डोळ्यांसारख्या गाठी होतात. झाकून रात्रभर ठेवा, सकाळी वजन करून उडालेलं इथेनॉल भरून काढा. थोडा नमुना ४ अंशांवर दोन दिवस ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बघा. स्फटिक दिसले तर पाणी कमी करा. ओलेइक अॅसिड वाढवायचा मोह टाळा, त्वचा लाल होते.

वरच्या कृतीत कार्बोपॉल घेतलं नाही त्याचं कारण तुमच्या जेलच्या गुलाबी रंगात आहे. कार्बोपॉल घट्ट व्हायला लागणारा अल्कली, ट्रायइथेनॉलअमाईन, घालताना जिथे थेंब पडतो तिथे पीएच क्षणभर चढतो, आणि अल्कलीत हवा लागली की सीबीडीच्या फिनॉलचं ऑक्सिडेशन होऊन जांभळट क्विनोन बनतो. गांजा ओळखायच्या जुन्या बीम चाचणीत याच रंगाचा उपयोग करत. हायड्रॉक्सिप्रॉपिल सेल्युलोजला न्यूट्रलायझर लागतच नाही. पीएच ५.५ च्या आसपास ठेवा, अॅल्युमिनियमच्या ट्यूबमध्ये भरा.

२४ तासांचा आग्रहच असेल तर पॅच करा. अॅक्रिलेट अॅडहेसिव्हमध्ये कोरड्या वजनाच्या ५% सीबीडी आणि ५% पीव्हीपी (स्फटिक होऊ न देणारं पॉलिमर). घन भाग ४०% असेल तर २५० मायक्रॉनचा ओला थर वाळून साधारण १०० मायक्रॉन होतो, म्हणजे चौ. सेंमीला अर्धा मिलिग्रॅम औषध. आधी १५ मिनिटं खोलीच्या तापमानाला, मग ५० अंशांवर अर्धा तास. घाईने तापवलं की वर साय धरते आणि खाली बुडबुडे राहतात. सिलिकॉन अॅडहेसिव्ह घेतलंत तर लायनर (वापरण्याआधी सोलून काढायची पट्टी) फ्लोरोपॉलिमरचा लेप असलेला लागेल, नेहमीचा सुटतच नाही.

पॅचमध्ये स्फटिकांची भीती खरी आहे. रोटिगोटिन या पार्किन्सनच्या औषधाचा न्यूप्रो पॅच २००८ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून परत घ्यावा लागला तो स्फटिकांमुळेच, आणि नव्या फॉर्म्युल्यासह तो २०१२ मध्ये परतला. तुमच्या फिल्मवर सीबीडीचा एक कण मुद्दाम ठेवा, लायनर लावा, महिनाभर २५ अंशांवर ठेवा. कणाभोवती सुया वाढल्या तर फिल्म अतिसंपृक्त आहे. मग सीबीडी कमी करा किंवा पीव्हीपी वाढवा.

स्टेबिलिटीच्या प्रत्येक नमुन्यात टीएचसीही (गांजातला नशा आणणारा घटक) मोजा. तीव्र आम्लात सीबीडीचं वलय मिटून टीएचसी बनतं, आणि ते एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याच्या सायकोट्रॉपिक यादीत आहे. म्हणून पीएच खाली आणायला हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकू नका. वेगळी पद्धत लागत नाही: सी१८ कॉलमवर, अॅसिटोनायट्राइल आणि पाण्यात, सीबीडी आधी आणि टीएचसी बरंच नंतर निघतं. फक्त रन सीबीडीचा पीक आला की लगेच थांबवू नका.