एमआरडीत बसून संशोधन कसं शिकायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मेडिकल रेकॉर्ड टेक्निशियनचा डिप्लोमा झालाय, मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात काही वर्षं एमआरडीत, म्हणजे मेडिकल रेकॉर्ड विभागात, आहात, आणि आता अधीक्षक म्हणतायत की तुमच्या विभागानेही एखादा पेपर काढावा. आधी स्टॅटिस्टिक्सचा कोर्स करू की एसपीएसएस हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर शिकू?

दोन्ही थांबू द्या. आधी प्रश्न शोधा, तो तुमच्याच रॅकवर आहे. दरवर्षी पीजी रेसिडेंट थिसिससाठी आयपीडी (भरती रुग्णांच्या) नंबरांची यादी घेऊन येतात, आपण फाइली काढून देतो, ते एक्सेल भरतात आणि जातात. कुठल्या फाइलीत नेमकं काय लिहिलेलं नसतं हे त्यांना अर्धी थिसिस झाल्यावर कळतं. तुम्हाला ते रोजच्या कोडिंगमुळे, म्हणजे फाइल वाचून आजाराला ठरलेला कोड देण्याच्या कामामुळे, आधीच ठाऊक असतं. आपल्या लोकांना संशोधन शिकवायचं म्हणजे या ठाऊक असण्याला मोजमापाची शिस्त लावायची. बाकीचं नंतर येतं.

कीटकनाशकाच्या विषबाधेचं घ्या. आयसीडी-१० मध्ये, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय कोड-यादीत, ऑर्गॅनोफॉस्फरस (ओपी) गटातल्या कीटकनाशकाला टी ६०.० दिला की काम अर्धंच होतं. विष पोटात किंवा अंगात गेलं कसं, याचा दुसरा कोड लागतो: अपघाताने असेल तर एक्स ४८, स्वतःहून घेतलं असेल तर एक्स ६८, ठरवताच येत नसेल तर वाय १८. आता केसपेपर उघडा. कॅज्युअल्टीच्या नोंदीत 'अननोन पॉयझनिंग', आतल्या पानावर 'ओपी पॉयझनिंग', नर्सच्या नोंदीत 'फवारणी करताना चक्कर', आणि डिस्चार्ज कार्डावर नुसतंच 'पॉयझनिंग'. कोडर बिचारा डिस्चार्ज कार्ड बघून मोकळा होतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपल्याला बातम्यांमुळे माहीत आहे. हॉस्पिटलच्या कोडिंगमध्ये फवारणीची केस आणि आत्महत्येचा प्रयत्न एकाच खात्यात पडत असतील, तर असं काही पुन्हा घडलं तरी आकड्यांत दिसणार नाही.

म्हणजे प्रश्न तयार झाला: आपल्याकडे एका वर्षात आलेल्या कीटकनाशक विषबाधेच्या किती टक्के फाइलींत विष कसं गेलं हे स्पष्ट लिहिलंय, कोणत्या पानावर, आणि दिलेला कोड त्याच्याशी जुळतो का? एवढ्यावर चांगला पेपर होतो. 'आरोग्य माहिती व्यवस्थापनाची सद्यस्थिती' असले अघळपघळ विषय घेऊ नका; त्यात काहीच सापडत नाही.

आता खरी मेहनत. 'स्पष्ट' कशाला म्हणायचं? फक्त डॉक्टरची नोंद धरायची की नर्सचीही? पोलीस चौकीला पाठवलेल्या सूचनेतला मजकूर चालेल का? डॉक्टर एक म्हणतो आणि नातेवाईक दुसरं, तर काय? हे नियम पहिली फाइल उघडण्याआधी कागदावर उतरले पाहिजेत. मग थोड्या फाइली दोघांनी वेगवेगळ्या तपासायच्या, एकमेकांचं न बघता. समजा १०० फाइली घेतल्या. ६० ला दोघंही 'स्पष्ट' म्हणाले, २० ला दोघंही 'अस्पष्ट', आणि २० मध्ये मतभेद, दोन्ही बाजूंनी दहा-दहा. वरवर बघता ८० टक्के जुळलं, छान! पण दोघंही ७० फाइलींना 'स्पष्ट' म्हणतायत, तेव्हा निव्वळ योगायोगानेही ५८ टक्के जुळलंच असतं (०.७ × ०.७ अधिक ०.३ × ०.३). तो भाग ०.८० मधून आणि १ मधूनही वजा केला की कोहेनचा कप्पा, म्हणजे योगायोग वगळून उरलेल्या जुळणीचं माप, येतो ०.२२ भागिले ०.४२, म्हणजे साधारण ०.५२. मध्यम. याचा अर्थ तुमचे नियम अजून ढिले आहेत; ते घट्ट करा आणि नव्या फाइलींवर पुन्हा तपासा. हे गणित कागदावर होतं, त्याला सॉफ्टवेअर लागत नाही. एकदा हाताने करून बघाच.

नमुना रजिस्टरवरून काढा, रॅकवरून कधीही नाही. रॅकवर हाताला लागते ती सरळसाधी फाइल. एमएलसीच्या (पोलीस केसच्या) फाइली वेगळ्या कुलपात, मृत्यूच्या डेथ ऑडिटला, काही जनआरोग्य योजनेच्या क्लेमसाठी बाहेर, एखादी कोर्टात. विषबाधेच्या अभ्यासात नेमक्या याच फाइली महत्त्वाच्या. न सापडलेल्या फाइली किती आणि त्या कोणत्या प्रकारच्या, हेही पेपरात लिहा. हा तक्ता आपल्याइतका चांगला कोणी देऊ शकत नाही.

एथिक्स कमिटीचं, म्हणजे संशोधनाला नैतिक मंजुरी देणाऱ्या समितीचं, टाळू नका. 'फाइली तर आपल्याच ताब्यात आहेत' हा युक्तिवाद मी बऱ्याच सिनियर लोकांकडून ऐकलाय, आणि तो चुकीचा आहे. ताबा सांभाळण्यासाठी दिलेला असतो. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार जुन्या नोंदींच्या अभ्यासात रुग्णाच्या संमतीतून सूट मिळू शकते, पण ती सूट कमिटी देते. आपण आपल्याला घ्यायची नसते. एक्सेलमध्ये नाव, गाव, मोबाइल, आयपीडी नंबर काहीच नको. अभ्यास क्रमांक द्या आणि जोडणीची यादी वेगळ्या कुलपात ठेवा. आत्महत्येच्या प्रयत्नाची नोंद आहे, गाव लहान असेल तर वय आणि तारखेवरूनही माणूस ओळखू येतो.

हे आपल्या आवाक्याबाहेरचं वाटत असेल तर बार्शीकडे बघा. तिथली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ पासून चालू आहे, मुंबईची तर १९६३ पासून. देशातले कर्करोगाचे आकडे अशा नोंदणीतूनच उभे राहिले, आणि त्यातलं बरंचसं काम नोंदी गोळा करणाऱ्यांचं. एकच बाई एका हॉस्पिटलात माहेरच्या नावाने आणि दुसऱ्यात सासरच्या नावाने दाखल असते; ती दोनदा मोजली जाऊ नये म्हणून वय, पत्ता, गाठीची जागा ताडून बघणारा माणूस संशोधनच करत असतो.

कोर्स करायचाच असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा 'हेल्थ रिसर्च फंडामेंटल्स' हा कोर्स एनपीटेल या ऑनलाइन पोर्टलवर आहे, तो पुरे. एक्सेलच्या पुढचं हवं असेल तर अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेने बनवलेलं एपी इन्फो हे फुकट सॉफ्टवेअर आहे. पीएसएमच्या (सामाजिक वैद्यकशास्त्र विभागाच्या) एखाद्या सरांना गाइड म्हणून सुरुवातीलाच धरा, डेटा गोळा झाल्यावर नाही.

लेखक म्हणून नावाचंही आधीच बोलून घ्या. नुसत्या फाइली काढून दिल्या तर आभारात नाव येतं, आणि ते योग्यच आहे. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या निकषांप्रमाणे डेटा गोळा करण्यासोबत मसुद्यात हात हवा, अंतिम प्रतीला मंजुरी हवी आणि मजकुराची जबाबदारी घ्यायची तयारी हवी. तेव्हा निदान 'पद्धत' हा भाग तुम्ही स्वतः लिहा, इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी.

या आठवड्यात एवढंच करा: डिस्चार्ज रजिस्टरमधून गेल्या वर्षीच्या टी ६० च्या केसेस मोजा आणि एका पानाचा सिनॉप्सिस, म्हणजे अभ्यासाचा आराखडा, लिहा. इथे टाका, मी लाल पेनाने बघतो.