जोन्स: ते मांजर, ती मांजर की तो बोका?

‘एलियन’ या भयपटावर टिपण लिहिताना एका मैत्रिणीनं नायिकेबद्दल वाक्य केलं, ‘रिप्ली आपल्या पाळीव मांजरीला, जोन्सला, घेऊन निसटते.’ तिच्या नवऱ्यानं ‘मांजराला’ अशी दुरुस्ती केली. बरोबर कोण, असं तिनं विचारलंय.

व्याकरणात दोघंही पास. पण जोन्स बोका आहे, तेव्हा ‘बोक्याला’च हवं. त्याचा रंगही तेच सुचवतो. नारिंगी मांजरांत बोकेच जास्त, कारण तो रंग देणारा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो. बोक्याला एक पुरतो, मादीला सहसा दोन लागतात.

संस्कृतातला मार्जार पुल्लिंगी, आपलं मांजर मात्र नपुंसकलिंगी. मांजर आडवं जातं, डोळे मिटून दूध पितं. नर तो बोका, मादी ती भाटी. ‘भाटी’ आता पुण्यात क्वचितच कानावर पडतो. त्याच्या जागी ‘मांजरी’ आणि ‘ती मांजर’ आलेत. ‘ती मांजर’ पेठांतही सर्रास बोलतात, मी ते चूक मानत नाही. ‘पाळीव’ मात्र काढा. पाळीव ही जात झाली, गाय पाळीव, वाघ नव्हे. घरातला तो पाळलेला. शिवाय जोन्स एकट्या रिप्लीचा नाही, अख्ख्या नोस्ट्रोमो या अंतराळयानाचा आहे.

पण नवऱ्याचं ‘मांजर’ मला एका जागी हवंच आहे. यानात एक जीवघेणा परग्रही प्राणी शिरलाय आणि हालचाल टिपणारं यंत्र घेऊन तिघं त्याला शोधत असतात. कपाटात काहीतरी हलतंय. दार उघडतात आणि जोन्स उसळून बाहेर येतो. यंत्राला पुन्हा चकवा नको म्हणून त्या तिघांतला ब्रेट जोन्सला धरायला एकटा जातो आणि त्या प्राण्याच्या हातून मरतो. बोक्याचं कामच हे: दिसेपर्यंत तो आणि तो प्राणी वेगळे कळत नाहीत. हे मराठीत सांगायला आपल्याकडे ‘ते’ आहे. कपाट उघडेपर्यंत ‘ते’, उघडल्यावर ‘तो’. या एका अक्षरात भीती येते आणि ओसरते. पहिल्यापासून ‘ती मांजर’ लिहिलं की हा खेळच संपला.

शनिवार पेठेतल्या आमच्या वाड्यात रात्री पोटमाळ्यावर खडखडलं, की आम्ही पोरं गोधडीत शिरून विचारायचो, ‘आजी, काय आहे गं ते?’ आजी कंदील वर धरून बघायची. दोन डोळे चमकायचे. ‘मेला बोका आहे तो, मागच्या वाड्यातला. झोपा.’ ‘ते’चा ‘तो’ झाला की आम्ही पाय लांब करायचो. ‘मेला’ तर आणखी गोड, कारण आजी शिवी फक्त ओळखीच्यांनाच द्यायची.

आणखी एक सोय आहे. शेवटच्या प्रसंगांत रिप्ली सतत जोन्सला उचलते, पेटीत घालते, पेटी खाली टाकते, परत घ्यायला येते. ‘तिनं तिला उचललं, तिला सोडून ती पळाली’ असं लिहिलंत तर कोण कोणाला सोडून पळालं ते वाचकाला कळणार नाही. ‘तिनं त्याला उचललं’ म्हटलं की प्रश्न मिटला.

तेव्हा वाक्य असं करा: ‘यानावरच्या सात जणांपैकी एकटी रिप्ली उरते आणि जोन्स बोक्याला घेऊन निसटते.’