छातीतला खळगा आणि पोलादी पट्टी

प्रश्न : मुलगा १४ वर्षांचा. छातीच्या मधोमध जन्मापासून खळगा, उंची वाढली तसा खोल झाला. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं) ओढताना लवकर दमतो. ऑपरेशन लागेल का? – एक पालक, मालवण

उत्तर : बरगड्यांना उरोस्थीशी (छातीच्या मधल्या हाडाशी) जोडणाऱ्या कूर्चा वेड्यावाकड्या वाढल्या की हाड आत दबतं. सीटी स्कॅनवर छातीच्या आतल्या रुंदीला उरोस्थी ते मणका या अंतराने भागतात. हा हॅलर निर्देशांक एरवी २.५ च्या आसपास असतो, ३.२५ च्या वर असेल आणि दमही लागत असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि फुफ्फुसांची चाचणीही हवी. मुलगा उंच, लांबसडक बोटांचा असेल तर मार्फान या जनुकीय आजाराची तपासणी करून घ्या. तेल-मालिशने हाड वर येत नाही. व्यायामाने पोक सुधारतो, तेवढंच.

‘नस’ (Nuss) नावाच्या शस्त्रक्रियेला हे वय सोयीचं. दोन्ही कुशींवर छेद घेऊन, दुर्बिणीतून पाहत, वाकवलेली पोलादी पट्टी हृदयापुढून उरोस्थीखाली सरकवतात आणि उलटी फिरवतात; हाड तिथल्या तिथे उचललं जातं. सुरुवातीचे दिवस चांगलंच दुखतं. पट्टी सहसा २ ते ४ वर्षांनी काढतात. बकल किंवा खोट्या दागिन्याने खाज सुटत असेल तर आधी सांगा. निकेलची ॲलर्जी असल्यास टायटॅनियमची पट्टी लागते.

मुख्य धोका पट्टी सरकण्याचा, तोही पहिल्या काही आठवड्यांत. कंबरेतून पिळणं, ओझं उचलणं टाळा. रापण, आंब्याच्या पेट्या आणि कबड्डी किमान तीन महिने बंद; पुढे सर्जनला विचारूनच.