ब्रिटिश नट डेव्हिड सूशे यांनी प्वारोच्या, म्हणजे अगाथा ख्रिस्तीच्या कथांमधल्या गुप्तहेराच्या, भूमिकेची तयारी नेमकी कशी केली?

आधी सगळ्या प्वारोकथा वाचल्या आणि वाचता वाचता टिपणं काढली. ती यादी ९३ मुद्द्यांपर्यंत गेली: चहा-कॉफीत साखरेच्या वड्या किती, कपडे कसे, सवयी कुठल्या. चित्रीकरणाच्या वेळीही ती त्यांच्या हाताशी असे.

खरी मेहनत आवाजावर. सूशेंचा मूळ आवाज खर्जातला, छातीतून येणारा. प्वारोसाठी तो त्यांनी वर, डोक्यात नेला. उच्चारांसाठी बेल्जियन आणि फ्रेंच रेडिओ ऐकला. कारण प्वारो बेल्जियन, पण लोकांना फ्रेंच वाटला पाहिजे. इथेच बरेच नट घसरतात आणि नुसती फ्रेंच माणसाची नक्कल उरते.

ती तुरुतुरु चाल? नितंबांमध्ये नाणं घट्ट धरून चालण्याचा सराव! हसू येतं, पण त्यामुळे पावलं आपोआप आखूड पडतात. पोट मात्र कपड्यांखालच्या गाद्यांचं.

सूशेंची ही प्वारोची टीव्ही मालिका १९८९ ते २०१३ चालली, भाग ७०. शेवटच्या पर्वात प्वारोच्या मृत्यूचा भाग त्यांनी आधी चित्रित करून घेतला, म्हणजे सेटवरचा अखेरचा दिवस जिवंत प्वारोसोबत जावा.

आणि हो, १९८५ च्या एका टीव्हीपटात हेच सूशे इन्स्पेक्टर जॅप, म्हणजे प्वारोकथांमधले पोलीस अधिकारी, होते. प्वारो होते पीटर उस्तिनोव.